उंबऱ्याबाहेरचा खोकला

उंब्रजच्या पुढे उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली आणि सातारा–पाटण गाडी इंजिन बंद करून तिच्यामागे उभी राहिली. दिवाळी नुकतीच सरली होती. उघड्या खिडकीतून जवळच्या गुऱ्हाळाचा गोड, किंचित करपलेला वास येत होता. वाईला वडिलांच्या, अण्णांच्या घरी घालवलेली सुट्टी संपल्याची हुरहूर थोडी कमी व्हावी म्हणून शरयू त्या वासाकडे तोंड करून बसली होती.

शेजारचा तरुण कानांत इयरफोन घालून, डोळे मिटून काहीतरी ऐकत होता. मधूनच त्याच्या कपाळावर आठी पडे; मधूनच तो पसंतीची मान हलवी. शास्त्रीय गाणे असावे, असे तिला वाटले. चेहराही तसाच होता... तल्लीन, थोडा वेंधळा.

आणि एकाएकी इयरफोनचा फोनशी संबंध तुटला.

फोनमधून मोठ्याने खोकला ऐकू आला. त्यामागून दुसरा. मग एक लांबलचक, शेवटी शीळ घालणारा तिसरा. पुढच्या बाकावरच्या आजींनी पदर नाकाला लावला. कंडक्टर मागे वळले.

"कोन रं त्यो? आरं, दवाखाना गाठ की गड्या! गाडीत कशाला बसलाईस?"

"मी नाही... फोन आहे... फोन खोकतोय..." तो चाचपडला. फोन हातातून निसटून शरयूच्या पायाशी पडला आणि तिथूनही खोकत राहिला.

सगळी गाडी हसली. शरयूने फोन उचलून बंद केला. तिलाही हसू फुटत होते. पण सवय हसण्यापेक्षा जुनी होती.

"हा शेवटचा कुणाचा?" तिने विचारले. "ज्याच्या शेवटी शीळ वाजते तो. त्यांना कुणी तपासलंय का?"

तरुणाने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. "दमा आहे त्यांना. औषध चालू आहे. तुम्ही... डॉक्टर?"

"आणि तुम्ही?"

"इंजिनिअर. खोकले गोळा करतो."

"छंद म्हणून?"

"पोटासाठी."

त्याचे नाव पुष्कर. मूळचा सांगलीचा, नोकरी पुण्याच्या एका कंपनीत. माणसाचा खोकला ऐकून क्षयाची तपासणी कुणाची आधी करावी, हे सुचवणारे एक ॲप त्यांनी फोनसाठी तयार केले होते. त्याची चाचणी घ्यायला तो पाटण तालुक्यात निघाला होता.

"कुठलं केंद्र?"

"खडकवणे. तिथल्या मॅडम फार कडक आहेत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"साताऱ्याच्या ऑफिसात... सगळेच."

"असतील," शरयू म्हणाली, आणि उरलेली वाट खिडकीबाहेर बघत राहिली. खडकवण्याच्या फाट्यावर ती उतरली. मागोमाग तोही उतरला. फाट्यावर वाट पाहणाऱ्या आशा कार्यकर्तीने, क्रांतीने, पुढे येऊन तिची बॅग घेतली आणि हाक मारली, "या मॅडम, दिवाळी झाली का झ्याक?"

पुष्करच्या चेहऱ्यावरचा रंग पाहून शरयूला वाटले, सुट्टी संपल्याचे दुःख वाटते तितके मोठे नसते.

*

खडकवण्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातली एक बैठी, पिवळी इमारत. मागे मोकळी ओसरी आणि ओसरीपुढे करंजाचे झाड. क्ष-किरण यंत्र पाटणला, थुंकीची तपासणीही तिथेच. रोजगार बुडवून पाटणला जा असे सांगितले की माणसे मान हलवीत आणि घरी जात. म्हणून आधी कुणाला धाडायचे, गाडीची सोय कुणासाठी करायची, हे शरयूपुढचे रोजचे कोडे होते. पुष्करच्या फोनचे काम त्या कोड्यापुरतेच होते. माणसाने त्याच्यासमोर खोकायचे, दोनचार प्रश्नांची उत्तरे द्यायची, आणि पडद्यावर एक गोल उमटायचा. केशरी म्हणजे लगेच तपासणी. हिरवा म्हणजे तूर्त घाई नाही.

"हे शिकलं कुठे तुमचं यंत्र?" तिने विचारले.

"हजारो खोकल्यांवरून. शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांतले आहेत बहुतेक. क्षय सिद्ध झालेल्यांचे वेगळे, बाकीच्यांचे वेगळे. ऐकून ऐकून त्याला फरक कळायला लागतो."

"म्हणजे इंटर्नसारखं."

"इंटर्नपेक्षा बरं, मॅडम. पेंगत नाही, आणि तुम्हाला घाबरत नाही."

"आणि त्याचा मालक?"

"तो... थोडा घाबरतो."

शरयूने केसपेपरमध्ये मान घातली. हसू दिसू नये एवढाच हेतू.

यंत्र मात्र कामाचे निघाले. गुंडा नावाच्या मेंढक्याचा खोकला तिने अनेक वर्षे तंबाखूच्या नावावर लिहिला होता. त्याच्यापुढे केशरी गोल उमटला, तिने नाखुशीने त्याला पाटणला धाडले, आणि निदान खरे निघाले. त्या दुपारी पुष्करच्या टेबलावर तिने स्वतः चहाचा कप नेऊन ठेवला.

"साखर जास्त आहे," तो घोट घेऊन म्हणाला.

"बक्षीस आहे. तक्रार करायची नसते."

दर सोमवारी तो सांगलीहून येताना भडंगाची पुडी आणू लागला. "वाईकरांना झेपेल का तिखट?" असे त्याने पहिल्यांदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मिरजेला शिकलेय मी. तुमच्या भडंगावर रात्रपाळ्या काढल्यात."

"म्हणजे अर्ध्या आमच्याच आहात की तुम्ही..."

बोलून गेल्यावर तो स्वतःच गोंधळला. करंजाच्या फांदीवर एक पाखरू उगाचच मोठ्याने ओरडले. दोघांनीही फार लक्ष देऊन त्याच्याकडे पाहिले.

मग विषय बदलायचा म्हणून त्याने फोन पुढे केला. रोज काम सुरू करण्याआधी एक निरोगी खोकला लागतो, यंत्र ठीक आहे की नाही ते बघायला. तिने तोंडापुढे रुमाल न धरता, नीटनेटके खोकून दाखवले. हिरवा गोल आला.

"पुसून टाका तो."

"चाचणी संपेपर्यंत ठेवावा लागतो. संपली की पुसतो. तुमच्यासमोर."

"शब्द?"

"शब्द."

चाचणी पौषात संपणार होती. निकाल चांगला आला, तर यंत्र जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांत जाणार होते आणि पुष्कर साताऱ्यातच राहणार होता. चांगला आला नाही, तर कंपनी गाशा गुंडाळणार होती. हे त्याने सहज सांगितले, तिनेही सहज ऐकले. त्या दिवसापासून पौष जवळ येऊ नये असे दोघांनाही वाटू लागले. आणि निकाल चांगला यावा, असेही.

*

गावात घरोघर फिरायचे काम तो क्रांतीबरोबर करी. निवृत्त हवालदार जोतीराम यांच्या घरी तो सरळ आत शिरला, आणि सोप्यातून दणका आला.

"थांबा! कुटल्या गावचं तुमी?"

"सांगलीचा... दवाखान्याकडून..."

"सांगलीत दारात खाकरत न्हाईत व्हय? आवं, घरात लेकीसुना असत्यात. कोन कसं बसलंय, काय काम करतंय... बाप्या मान्सानं उंबऱ्याभाईर उभं ऱ्हायचं, खाकरायचं, मग पाऊल टाकायचं. मी सुदिक आजवर माज्या घरात तसा शिरल्यालो न्हाई."

पुष्कर निमूट बाहेर गेला, खाकरला आणि पुन्हा आत आला. तो आवाज इतका केविलवाणा होता की हवालदारांनाही हसू आले.

"जमंल, जमंल. सवयीनं जमंल."

हवालदार स्वतः फोनपुढे ताठ उभे राहून परेडच्या हुकमासारखे खोकले. हिरवा गोल. मग सून आली. मयूरी, कडेवर तान्हे बाळ. सासऱ्यांकडे पाठ करून तिने पदर तोंडाला लावला आणि उसासा टाकावा तसे काहीतरी केले. बाकीच्या प्रश्नांना मान हलवून 'न्हाई' म्हणाली. हिरवा गोल.

"छान," पुष्कर म्हणाला.

संध्याकाळी शरयूने ते निकाल पाहिले आणि पुढची पाने काढली. केशरी लोकांसाठीच गाडी पुरत नव्हती.

*

मार्गशीर्ष लागल्यावर मयूरी बाळाला गोवराच्या लसीसाठी घेऊन आली. बाळ गुटगुटीत होते. आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. शरयूने विचारले, तर "दूध पाजते न्हवं, म्हनून" असे उत्तर आले. सासरे बाहेरच्या बाकावर बसले होते. लस झाली. बाळ रडले. मयूरी त्याला घेऊन मागच्या ओसरीवर गेली.

आणि तिथून, भिंतीपलीकडून, शरयूला खोकला ऐकू आला. खोल, ओला, आतून खरवडून येणारा, आणि थांबता थांबेना असा.

ती उठून ओसरीत गेली. मयूरी करंजाच्या खोडाला धरून वाकली होती. "कवापासून?" शरयूने तिच्याच बोलीत विचारले.

"पितरपाटापासून, ताई." मयूरीचे डोळे भरले. "मामंजींच्या पुढं कसं खोकू? म्हातारं मानूस, घरात बसून असतंय. रानात जाऊन खोकते मी..."

पाटणचा निकाल क्षयाचा आला.

पुष्करने तो कागद वाचला, तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा जे निघाले ते निघायला नको होते. "शेकड्यात थोडे सुटतातच, मॅडम. आम्ही ते आधीच लिहून दिलंय."

"ते मला माहीत आहे," शरयू शांतपणे म्हणाली. "सुटलेली मीही पाहिली आहेत, यंत्राशिवाय. तिचा हिरवा गोल पाहून पान मीच उलटलं, त्याचा दोष तुम्हाला देत नाही. पण ही सुटलेली नाही, पुष्कर. तुमच्या यंत्राने तिचा खोकला ऐकलाच नाही. आणि या खोऱ्यात सासऱ्यासमोर खोकणारी एक तरी सून दाखवा मला."

तो इयरफोन घेऊन ओसरीत जाऊन बसला. दुपारची ओपीडी उरकून ती मागे गेली, तेव्हाही तो तिथेच होता. यावेळी डोळे मिटलेले नव्हते.

"ऐका," तो म्हणाला, आणि एक इयरफोन तिच्यापुढे धरला.

ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. एक कान तिचा, एक त्याचा. बायकांचे खोकले. एकेक तुटका, गिळलेला, कापडाआडचा. आणि प्रत्येकामागे कुठेतरी एखादा पुरुष बोलत होता, पान थुंकत होता, रेडिओ लावत होता. एका ठिकाणी पुष्करचाच आवाज होता : 'खोका ना ताई, लाजू नका.'

"हा पुरुष मीसुद्धा आहे," तो म्हणाला. "सगळ्या घरांत."

तिने इयरफोन काढला नाही. करंजाची सावली दोघांच्या पायांवरून हळूहळू सरकत होती.

*

मयूरीच्या गोळ्या सुरू झाल्या. बाळाची, घरच्यांची तपासणी झाली. सुदैवाने सगळे ठीक निघाले. हवालदार औषध न्यायला आले ते दारात उभेच राहिले. आज ते खाकरलेही नाहीत.

"बसा ना, काका," शरयू म्हणाली.

"न्हाई बसत." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "जलमभर म्या दारात खाकरत आलो, डॉक्टरबाई. लेकीसुनांचा मान ऱ्हावा म्हनून. आन् ती पोर माझा मान राखायला आत खोकला गिळत हुती... बरी हुईल न्हवं?"

"सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या की बरी होईल."

"मी देतो तिला रोज. स्वता. आन् सांगितलंय... आता माझ्याम्होरं खोकायचं म्हनून. ऑर्डर हाय म्हनलं."

उपाय क्रांतीला सुचला. "मार्गशीर्षातला गुरुवार हाय की, मॅडम. हळदीकुंकू घालूया दवाखान्यात. मागच्या ओसरीवर. नवरा असंना नसंना, सगळ्या बायका बोलवायच्या. बाप्या एक बी नगं."

"आणि फोन कोण धरणार?"

"तुमी! ह्येंना," क्रांतीने पुष्करकडे बोट केले, "झाडाच्या पल्याड बसवू."

त्या गुरुवारी ओसरीवर जागा उरली नाही. शेवंतीची वेणी, हळदीचा वास, खिरापत. आणि मधोमध शरयूच्या हातातला फोन. आधी कुणी खोकेना. मग रंगूबाई नावाच्या आजी उठल्या. "आगं लाजताय काय? म्या साठ वरसं दाबून धरलाय, आज सोडते," म्हणाल्या, आणि असा खणखणीत खोकल्या की करंजावरची पाखरे उडाली. हशा उसळला. त्यानंतर रांग लागली. कुणी सासूची नक्कल करून खोकली, कुणी नवऱ्याची. त्या हसण्याखिदळण्यातच केशरी गोल उमटत गेले. आदल्या महिन्यात ज्यांना हिरवे मिळाले होते, त्यांतल्याही काहींपुढे. हसणे न थांबवता शरयू एकेकीच्या कानाशी वाकून सांगत होती, "उद्या गाडी येईल. माझ्याबरोबर पाटणला यायचं."

पाठीमागे, भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे, कुणीतरी खाकरले.

अतिशय सभ्य, अतिशय केविलवाणे असे ते खाकरणे होते.

"आत्ता गं बया, इंजिनिअर!" रंगूबाई ओरडल्या. "शिकला की आमच्यातलं!"

"फोनची बॅटरी..." कोपऱ्याआडून आवाज आला. "चार्जर आणलाय. ठेवून जातो."

शरयू उठून कोपऱ्यापर्यंत गेली. चार्जर घेताना त्याची बोटे तिच्या बोटांना लागली, हळदीने पिवळी झाली. त्याने ती पुसली नाहीत.

*

चाचणीच्या निकालासाठी साताऱ्यात भरलेल्या बैठकीत त्याने काय सांगायचे, याबद्दल ती एक शब्दही बोलली नव्हती. मागच्या रांगेत बसून तिने पाहिले, तो पडद्यावरचे तक्ते बाजूला सारतो आहे. मयूरीची परवानगी घेऊन आणलेले दोन आवाज त्याने ऐकवले. पहिला घरातला, दुसरा हळदीकुंकवाच्या दिवशी ओसरीत नोंदलेला.

"एकाच बाईचे आहेत," तो म्हणाला. "पहिल्यावर आम्ही तिला हिरवा गोल दिला."

"म्हणजे यंत्र चुकतं?" एका अधिकाऱ्यांनी विचारले.

"पुरुषांच्या बाबतीत ते उपयोगी ठरलं आहे. बायकांचा खोकला त्याला कधी खरा ऐकवलाच गेला नाही. तो ऐकवायची रीत आता खडकवण्याला सापडली आहे, पण ती माझ्या फोनमध्ये नाही. ती शिकवेपर्यंत हे यंत्र सगळीकडे देऊ नये, अशी माझी विनंती आहे."

बसस्थानकावर दोघे उभे राहिले, तेव्हा उन्हे कलली होती. एका फलाटावर पुण्याची गाडी, दुसऱ्यावर पाटणची.

"कंपनीतून फोन आला," तो म्हणाला. "परत बोलावलंय. पुढचं काही... नक्की नाही."

शरयूने पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढला. "धरा."

"कशाबद्दल?"

"आज जे बोललात त्याबद्दल." तिला आणखी बरेच काही म्हणायचे होते. पण कंडक्टरने घंटी ओढली, आणि ती एवढेच म्हणाली, "भडंगाची सवय लावलीत... ती मोडायला वेळ लागेल."

तो खिडकीतून बराच वेळ मागे पाहत होता. तीही पाहत होती. पाटणची गाडी निघून गेली तरी.

*

चैत्रात करंजाला नवी पालवी फुटली. मयूरीचे वजन वाढले होते. बांगड्या मनगटाशी थांबत होत्या. गुरुवारचे हळदीकुंकू मार्गशीर्ष संपला तरी संपले नव्हते. क्रांतीने तो दवाखान्याचाच रिवाज करून टाकला होता. सोमवार मात्र उगाच लांबत असे.

अशाच एका सोमवारी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, शरयू केसपेपर आवरत होती. दाराबाहेर कुणीतरी खाकरले.

तिचा हात थांबला. तिने वर पाहिले नाही. एवढे वाईट खाकरणारा माणूस तिला एकच माहीत होता.

"सराव केलेला दिसत नाही," ती म्हणाली.

"सांगलीत कुणी करू देत नाही. आई लगेच काढा करते." पुष्कर उंबऱ्याबाहेरच उभा होता, हातात भडंगाची पुडी, खांद्यावर बॅग. "कंपनीने नव्याने सुरुवात करायची ठरवली. बायकांचे आवाज बायकांनीच, त्यांच्या जागी, त्यांच्या मर्जीने नोंदवायचे. पहिलं केंद्र कुठलं, असं मला विचारलं..."

"आणि?"

"नाव सांगायच्या आधी मला एक जुनं काम उरकायचं आहे." त्याने फोन पुढे धरला. "चाचणी संपली. तुमचा खोकला पुसायचा शब्द दिला होता. तुमच्यासमोर." तो थांबला. "रोज सकाळी एकदा ऐकत होतो. यंत्र ठीक आहे का बघायला. खरं म्हणजे... यंत्र बंदच होतं."

खिडकीतून करंजाच्या फुलांचा मंद वास येत होता. शरयूने फोनकडे पाहिले. मग त्याच्याकडे. मग पुन्हा फोनकडे, कारण त्याच्याकडे फार वेळ पाहणे अवघड जात होते.

"राहू दे," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही खोकल्यातले तज्ज्ञ ना? एवढंही कळत नाही?"

त्याच्या चेहऱ्यावर हसू इतके सावकाश पसरले की तिला ते सगळेच्या सगळे पाहता आले. तरीही तो उंबऱ्याबाहेरच होता. तिने पुढे होऊन त्याच्या हातातली पुडी घेतली, गाठ सोडली, आणि मान खाली घालून म्हणाली,

"रविवारी मी वाईला जाणार आहे. अण्णा जुन्या वळणाचे आहेत. येशील तेव्हा दारात खाकरून ये..."